एमसीएफ-७ मध्ये बँड कधी दिसतो, कधी गायब: ओव्हरएक्सप्रेशन लायसेट आणि शेजारच्या लेनचं दुखणं

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून, अँटीबॉडीने हवं ते शोधणं; प्रत्येक सॅम्पलची जेलमधली वाट म्हणजे लेन, आणि सापडलेल्या प्रोटीनची रेघ म्हणजे बँड. त्याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे जिथे प्रोटीन दिसायलाच हवं असं सॅम्पल म्हणून, तुम्ही ओव्हरएक्सप्रेशन लायसेट लावता: ते प्रोटीन मुद्दाम भरपूर बनवायला लावलेल्या पेशी फोडून केलेला द्रव. कंट्रोलचा बँड दणकून येतो. तुमच्या सॅम्पलमध्ये प्रोटीन एका ब्लॉटला दिसतं, पुढच्या ब्लॉटला दिसत नाही, तिसऱ्याला पुन्हा हजर. ट्यूब तीच, अँटीबॉडी तीच, हात तोच. कुणी म्हणतं ट्रान्सफर नीट झाला नाही, कुणी म्हणतं अँटीबॉडी म्हातारी झाली, आणि सर म्हणतात, "रिपीट कर."

आमच्याकडे हे जवळजवळ तीन महिने चाललं.

आमची प्रयोगशाळा नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. मोठी नाही. मिनी-जेलचा एक संच, ट्रान्सफरचा एक टँक, आणि जुन्या स्टोअररूमला काळा पडदा लावून केलेली डार्करूम. उणे ऐंशीचा फ्रीजर खालच्या मजल्यावरच्या विभागाचा, त्यात आमच्या वाट्याला दीड कप्पा. एम.एस्सी.च्या एका मुलीचा प्रकल्प स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर होता: एका वनस्पतीचा अर्क दिला तर पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रोटीन वाढतं की घटतं? पेशी दोन प्रकारच्या. एमडीए-एमबी-२३१, ज्यांच्यात पीडी-एल१ मुळातच भरपूर असतं, आणि एमसीएफ-७, ज्यांच्यात ते इतकं कमी असतं की ब्लॉटवर दिसेल अशी अपेक्षाच धरायची नाही. म्हणजे काहीही न दिलेल्या एमसीएफ-७ ची लेन कोरी यायला हवी. आमच्याकडे ती कोरी येईना. आणि बँड रोज आला असता तरी बरं होतं. कधी यायचा, कधी नाही. पन्नास किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास, फिकट पण स्पष्ट.

मुलीने तीन ब्लॉटचे आकडे काढून आलेखही तयार केला होता. त्यात एमसीएफ-७ चा एरर बार स्तंभापेक्षा उंच. "ताई, हे असं चालतं का?" नाही चालत गं.

मी तिच्या वहीतून सगळ्या ब्लॉटच्या लेनचा क्रम एका कागदावर उतरवून काढला. हे काम पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, ते मी आठव्या आठवड्यात केलं. ज्या ज्या ब्लॉटला एमसीएफ-७ मध्ये बँड होता, त्या प्रत्येकात ती लेन ओव्हरएक्सप्रेशन लायसेटला चिकटून होती. शिडी (ठाऊक वजनांची प्रोटीनं, मोजपट्टीसारखी), मग रिकाम्या व्हेक्टरचं लायसेट (त्याच पेशी, पण त्या प्रोटीनचा जनुक न घातलेल्या), मग ओव्हरएक्सप्रेशन, मग अनट्रीटेड एमसीएफ-७, मग अर्क दिलेले. कंट्रोल शेवटच्या लेनमध्ये गेला होता तेव्हा एमसीएफ-७ स्वच्छ. दोन ब्लॉट मात्र या हिशेबात बसेनात: कंट्रोल शेजारी असूनही बँड नव्हता. वहीत पुन्हा पाहिलं तर त्या दोन्ही दिवशी आमची ॲक्रिलामाइड (जेल बनवायचं रसायन) संपली होती आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून तयार जेल उसनं आणलं होतं. तिथे माझी ट्यूब पेटली: दोष आमच्या हाताने ओतलेल्या जेलमध्ये होता.

आणखी एक गोष्ट डोळ्यासमोर असून दिसली नव्हती. कंट्रोलच्या दुसऱ्या बाजूला, रिकाम्या व्हेक्टरच्या लेनमध्येही तसाच फिकट बँड असायचा. आम्ही तो 'एचईके पेशींचा स्वतःचा पीडी-एल१' (एचईके म्हणजे ज्यातून ही लायसेट बनतात त्या पेशी) म्हणून खपवला होता. दोन्ही शेजाऱ्यांकडे एकच वस्तू सापडते आणि ती मधल्याच्या घरातली आहे, तर आणखी काय पुरावा हवा होता?

हे लायसेट म्हणजे साधं सॅम्पल नव्हे

ओव्हरएक्सप्रेशन लायसेट कसं बनतं ते माहीत असलं की त्याच्याशी कसं वागायचं ते आपोआप कळतं. हव्या त्या प्रोटीनचा जनुक प्लाझमिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालून तो एचईके२९३टी पेशींमध्ये सोडतात, साधारण दोन दिवस थांबतात आणि पेशी फोडतात. २९३ पेशी १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडिनोव्हायरस ५ चा डीएनए घालून तयार केल्या. तो त्यांचा २९३ वा प्रयोग, म्हणून नाव २९३. पुढे त्यात एसव्ही४० विषाणूचा लार्ज टी अँटिजेन घातला, तो शेवटचा 'टी'. या टीमुळे, प्लाझमिडवर एसव्ही४० चा ओरिजिन (प्रती सुरू व्हायची जागा) असेल तर, पेशीत त्या प्लाझमिडच्या प्रती वाढत जातात. वर सीएमव्हीसारखा जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा). म्हणजे पेशी जणू तेवढ्या एकाच प्रोटीनचा कारखाना होऊन बसते.

असं लायसेट आपण तुमच्या-आमच्या सॅम्पलइतकंच, वीस मायक्रोग्रॅम, लोड करत होतो. का? कारण "सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं हवं" हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. एकूण प्रोटीन सारखं होतं, हो. पण त्यातलं पीडी-एल१ कितीतरी पटीने जास्त. समजा शंभर पट आहे असं धरा. कंट्रोल दहा मायक्रोलिटर लोड केला आणि त्यातला शंभरावा भाग, म्हणजे ०.१ मायक्रोलिटर, शेजारच्या वेलमध्ये (जेलमधली सॅम्पल सोडायची खाच) गेला, तर शेजारी एका खऱ्या सॅम्पलएवढा सिग्नल तयार झाला. ०.१ मायक्रोलिटर डोळ्यांना दिसत नाही. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंबही त्यापेक्षा मोठा असतो.

फिल्मवर काम करत असाल तर याचं आणखी एक लक्षण दिसेल. सॅम्पलसाठी पाच मिनिटांचं एक्स्पोजर लागतं आणि कंट्रोल दहा सेकंदांतच जळून जातो. आमच्या कंट्रोलच्या बँडचा मधला भाग तर पांढरा पडायचा, भोवती काळी कड, मध्ये पोकळ, मेदुवड्यासारखा. तो प्रोटीन नसल्याचा पुरावा नाही, उलट अति असल्याचा आहे: तिथे एचआरपी एंझाइम (अँटीबॉडीला जोडलेलं) इतकं जमलेलं असतं की ईसीएल द्रव (त्या एंझाइममुळे प्रकाश देणारा) तिथल्या तिथे संपून जातो. मेंब्रेन उचलून उजेडात पाहिलंत तर त्याच जागी पिवळसर तपकिरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती दिसली की समजायचं, कंट्रोल निदान दहा पट जास्त पडलाय.

थंडीचा हात

मग प्रश्न उरला की हे डिसेंबर-जानेवारीतच का बोकाळलं. ऑगस्टमध्ये हीच मुलगी, हेच लायसेट, हाच क्रम, आणि एमसीएफ-७ कोरी.

नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. निफाडला पारा उतरला की द्राक्षाच्या बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, आणि आमच्या प्रयोगशाळेत सकाळी नऊला खिडकीजवळचं टेबल हाताला बर्फ लागतं. ॲक्रिलामाइड नीट घट्ट व्हायला साधारण २३ ते २५ अंश लागतात. आम्ही ॲक्रिलामाइड आणि बफर फ्रीजमधून काढून थेट मिसळत होतो आणि थंड काचांमध्ये ओतत होतो. खालचं रिझॉल्व्हिंग जेल कसंबसं बसायचं, पण वरचं स्टॅकिंग जेल, ज्यात वेल्स असतात, ते मुळातच पातळ टक्क्याचं. वीस मिनिटं झाली की कंगवा ओढायचा ही सवय. (वेल्स पाडायच्या त्या कोंबला आम्ही कंगवाच म्हणतो. कोंब म्हटलं की मटकी आठवते.)

एके दिवशी मी तिच्या शेजारी उभं राहून पाहिलं. तिने कंगवा ओढला, बफर भरलं. मी मोबाइलचा टॉर्च काचेच्या मागून धरला आणि डोळे वेल्सच्या पातळीला आणले. वरून पाहिल्यावर सगळं ठीक दिसत होतं. बाजूने पाहिलं तर तिसऱ्या आणि चौथ्या वेलमधली भिंत वरच्या टोकाला वाकून डावीकडे झुकलेली, जाडी अर्धी. तिने तिसऱ्या वेलमध्ये निळं लायसेट सोडलं. ते तळाशी बसलं, आणि मग त्या वाकलेल्या भिंतीच्या बुडातून एक निळा धागा, शिवणाच्या दोऱ्याइतका, हळूच चौथ्या वेलच्या तळाशी आला. आम्ही दोघी काही बोललो नाही. तिने चौथ्या वेलमध्ये काही टाकलंच नाही, तशीच पॉवर सुरू केली.

त्यावर आता उपाय साधा आहे. ओतायच्या अर्धा तास आधी ॲक्रिलामाइड आणि बफर बाहेर काढून ठेवायचे. एपीएस (जेल घट्ट व्हायला लावणारं रसायन) आठवड्याच्या आत केलेलं हवं. जुनं एपीएस आणि थंडी एकत्र आली तर जेल दुपारपर्यंत पाणीच. उरलेलं मिश्रण ट्यूबमध्ये ठेवून ते घट्ट झालं की नाही हे तपासायची सगळ्यांना सवय असते, पण ट्यूबमधलं जाड मिश्रण आधी बसतं. काचांमधल्या पातळ थराचा, त्यातही कंगव्याच्या दातांना हवा लागते त्या जागेचा, भरवसा धरू नका: ऑक्सिजन या प्रक्रियेला अडवतो. हिवाळ्यात आम्ही स्टॅकिंगला पाऊण तास देतो. कंगवा सरळ वर, दोन्ही हातांनी, बफरखाली ओढायचा. मग सिरिंजने वेल्स धुवायच्या आणि टॉर्च लावून प्रत्येक भिंत बघायची. वाकडी असेल तर जेल लोडिंगच्या टिपने अलगद सरळ करता येते, फाटली असेल तर त्या दोन्ही वेल्स सोडून द्यायच्या.

थंडीचा दुसरा उपद्रव सॅम्पल बफरमध्ये. एसडीएस (प्रोटीन उलगडून सरळ करणारा साबण) वीस अंशांच्या खाली गेलं की बाहेर पडतं, बफर दुधासारखं होतं किंवा तळाशी पांढरी स्फटिकं बसतात. वरचं पाणी घेतलंत तर सॅम्पलला एसडीएस कमी मिळतं आणि बँड पसरट, तुटके येतात. ३७ अंशांना ठेवून पूर्ण निवळेपर्यंत थांबा, हलवा, मग घ्या. गरम करूनही पांढरं राहिलं तर मात्र थंडीला दोष देऊ नका: तुमच्या बफरमध्ये कुठून तरी पोटॅशियम आलंय, ते एसडीएसला धरून बसतं. सोडियमचं मीठ वापरा.

सांडलंय की खरंच आहे, हे कसं ओळखायचं

पहिली चाचणी फुकटची. कंट्रोलच्या दोन्ही बाजूंच्या वेल्समध्ये नुसतं एकपट सॅम्पल बफर लोड करा, सॅम्पलइतकंच आकारमान. पुढे नेहमीसारखा ब्लॉट करा आणि सॅम्पलला देता तेवढं पूर्ण एक्स्पोजर द्या. बफरच्या लेनमध्ये बँड आला तर प्रश्न मिटला. वेल्स सोडूनच द्या असा सल्ला बरेच देतात, पण मला बफर भरलेलं आवडतं: रिकाम्या वेलमुळे शेजारची लेन तिकडे पसरते आणि मग बँडची रुंदी वेगळी दिसते.

दुसरी चाचणी जास्त गोड आहे. बहुतेक तयार लायसेटमधल्या प्रोटीनला शेपटी (टॅग) लावलेली असते, बरेचदा मिक आणि डीडीके. डीडीके म्हणजेच फ्लॅग, नावं दोन, तुकडा तोच आठ अमिनो आम्लांचा. ही शेपटी माणसाच्या पेशीतल्या खऱ्या पीडी-एल१ ला नसते. तेव्हा तेच सॅम्पल, त्याच क्रमाने, दुसऱ्या जेलवर लावा आणि फ्लॅगच्या अँटीबॉडीने पाहा. एमसीएफ-७ च्या लेनमध्ये फ्लॅग सापडला, तर माल शेजारचा, मुद्देमालासकट पकडला. फ्लॅगची अँटीबॉडी कधीकधी स्वतःचेही फालतू बँड दाखवते, म्हणून तेच एमसीएफ-७ लायसेट कंट्रोलपासून चार लेन लांबही एकदा लोड करा. लांबच्या लेनमध्ये नाही आणि जवळच्या लेनमध्ये आहे, असं दिसलं की मग वाद घालायला जागा राहत नाही.

आमच्याकडे असंच आलं. जवळच्या एमसीएफ-७ मध्ये फ्लॅग, लांबच्या एमसीएफ-७ मध्ये काही नाही, रिकाम्या व्हेक्टरच्या लेनमध्येही फ्लॅग. रिकाम्या व्हेक्टरमधून टॅग लावलेलं पीडी-एल१ बनणार कुठून?

हाच ब्लॉट धुऊन पुन्हा वापरायचा मोह होईल. पहिल्या अँटीबॉडीला चिकटलेलं एचआरपी मेंब्रेनवर जिवंत राहिलं, तर दुसऱ्या वेळी ईसीएल ओतल्यावर जुनाच सिग्नल परत दिसेल आणि तुम्ही तो फ्लॅगचा समजाल. दोन अँटीबॉडी दोन वेगळ्या प्राण्यांतल्या असल्या तरी याने फरक पडत नाही, कारण चमकतंय ते आधीचं एंझाइम. निदानासाठी ताजं जेलच बरं.

किती लोड करायचं

आम्ही एक जेल फक्त याच कामासाठी खर्च केलं, आणि ते करायला सांगितल्याबद्दल मुलीने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. कंट्रोल लायसेट १०, ५, २, १, ०.५ आणि ०.१ मायक्रोग्रॅम असं उतरत्या क्रमाने, आणि शेवटी एक लेन बफर सोडून वीस मायक्रोग्रॅम एमडीए-एमबी-२३१. कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे लोड करायचं, दर वेळी नवी टिप. मग २३१ चा बँड जितका गडद, तितकाच गडद कंट्रोल कुठल्या लेनमध्ये आहे ते पाहायचं. आमच्या लायसेटला ती जागा अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाली. तुमचं लायसेट वेगळं, प्रोटीन वेगळं, आकडा वेगळा येईल. माझा आकडा उचलू नका.

म्हणजे आम्ही गरजेच्या चाळीस पट ओतत होतो.

पण अर्धा मायक्रोग्रॅम एकटा लोड केला की ती लेन बारीक धावते, एकूण प्रोटीन नगण्य असतं, आणि मिठाचं प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा वेगळं पडतं. पेशी फोडायच्या रिपा बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ असतं, आणि मिठाचं प्रमाण वेगळं असलेल्या दोन लेन शेजारी आल्या की बँड वेडेवाकडे होतात. म्हणून अर्धा मायक्रोग्रॅम कंट्रोल साडेएकोणीस मायक्रोग्रॅम रिकाम्या व्हेक्टरच्या लायसेटमध्ये मिसळायचा. एकूण वीस, पेशीही त्याच, आणि बँडची तुलना सॅम्पलशी करता येते. हे मिश्रण एकदम पंधरा-वीस वेळांचं करून सॅम्पल बफरमध्ये उकळून छोट्या ट्यूबमध्ये भरून ठेवलंय. लोड करताना वेल पूर्ण काठोकाठ भरायची नाही, टिप वेलच्या आत असेपर्यंत अंगठा सोडायचा नाही, शेवटचा बुडबुडा बाहेर काढायचा नाही. सगळ्यात शेवटी कंट्रोल लोड करायचा आणि लगेच पॉवर सुरू. लोड करून फोन घ्यायला गेलात की वेल्समधला माल इकडेतिकडे पसरायला मोकळा.

क्रम आता असा आहे: सॅम्पल सगळे एका बाजूला, मग एक लेन बफर, मग रिकामा व्हेक्टर, मग पुन्हा बफर, आणि अगदी कडेला कंट्रोल. शिडी दुसऱ्या कडेला. दहा वेल्सच्या जेलमध्ये दोन वाया जातात म्हणून कुरकूर होते. होऊ दे.

कंट्रोलच आला नाही तर

याचा उलटा त्रासही बराच येतो. इथे मी एकच प्रश्न आधी विचारते: टॅगच्या अँटीबॉडीने दिसतो का? टॅग दिसतो आणि तुमच्या अँटीबॉडीने काही नाही, तर लायसेट, जेल, ट्रान्सफर सगळं निर्दोष; दुखणं अँटीबॉडीत. ती फ्लो सायटोमेट्रीसाठी बनवलेली असेल, म्हणजे घडी घातलेल्या प्रोटीनला ओळखणारी, आणि एसडीएसने ताणून सरळ केलेल्या साखळीत तिला काहीच ओळखीचं सापडत नसेल. किंवा ती प्रोटीनच्या अगदी शेवटच्या टोकाला ओळखत असेल आणि त्याच टोकाला टॅग लावून कंपनीने ते टोक झाकलं असेल. किंवा तिचा एपिटोप (ती धरते तो तुकडा) प्रोटीनच्या ज्या आयसोफॉर्ममध्ये (प्रकारात) आहे तो या क्लोनमध्ये (लायसेटसाठी वापरलेल्या जनुकाच्या प्रतीत) नाही. लायसेटच्या कागदावर क्लोनचा क्रम दिलेला असतो, तो वाचा. कुणी वाचत नाही.

टॅगही दिसत नाही, तर पॉन्सो या रंगाने मेंब्रेन रंगवून ट्रान्सफर झालाय का पाहा, आणि अँटीबॉडीच्या डब्यात सोडियम ॲझाइड घातलंय का तेही: ॲझाइड एचआरपीला मारतं. हे दोन्ही ठीक असेल तर लायसेटच मेलंय. आमचं एक लायसेट असंच हळूहळू मेलं. उन्हाळ्यात वीज वारंवार गेली आणि खालच्या मजल्यावरचा फ्रीजर बंद पडेल या भीतीने कुणीतरी आमची पेटी 'तात्पुरती' साध्या उणे वीसच्या फ्रीजमध्ये हलवली. तो स्वतःचा बर्फ स्वतः वितळवणारा, म्हणजे दिवसातून ठरावीक वेळा आतून गरम होणारा. दोन महिन्यांनी बँड फिकट, खाली तुकड्यांची झालर. तेव्हापासून आल्या दिवशीच पाच-पाच मायक्रोलिटरच्या ट्यूब करते, एकदा काढलेली ट्यूब परत ठेवत नाही. सॅम्पल बफरमध्ये ठेवलेल्या लायसेटला काही महिन्यांनी ताजं डीटीटी (प्रोटीनमधले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घालावं लागतं, जुनं हवेने निकामी होतं.

उकळण्याबद्दल एक ओळ. पीडी-एल१ पेशीच्या पडद्यातून एकदाच आरपार जातं, ते ९५ अंशांना पाच मिनिटं उकळलं तरी चालतं. सात-सात वेळा पडदा ओलांडणारी प्रोटीनं उकळली की गोळा होऊन वेलच्या तळाशीच अडकतात. त्यांना ३७ अंशांना अर्धा तास द्या.

वजन चुकीचं दिसतंय, आणि रिकाम्या व्हेक्टरमध्ये बँड आहे

पीडी-एल१ ची साखळी २९० अमिनो आम्लांची, हिशेबाने वजन ३३ किलोडाल्टन. दिसतं मात्र ४५ ते ५५ मध्ये, पसरट, कारण तिच्यावर साखरेच्या फांद्या असतात. पीएनजीएझ-एफ एंझाइमने त्या छाटल्या की बँड ३३ च्या आसपास उतरतो. शंका असेल तर हे एकदा करून पाहा, खात्री पटते. मिक आणि फ्लॅग मिळून दुव्यासकट साधारण तीन किलोडाल्टन वाढवतात. ३३ वर हा फरक दिसला असता, ५० च्या पसरट धब्ब्यात दिसत नाही. म्हणूनच आमचा सांडलेला बँड 'बरोबर वजनाचा' वाटत राहिला. जीएफपीची शेपटी असेल तर २७ किलोडाल्टन वाढतात, ते कुणीही ओळखेल. आणि एचईके पेशी साखर चढवतात ती तुमच्या पेशींसारखीच चढवतील असं नाही, त्यामुळे कंट्रोल आणि सॅम्पल दोन-पाच किलोडाल्टन पुढेमागे असले तर घाबरू नका.

रिकाम्या व्हेक्टरच्या लेनमधला बँड मात्र दर वेळी सांडलेलाच असतो असं नाही. एचईके पेशीही जिवंत पेशी आहेत, त्यांच्यात त्यांची प्रोटीनं असणारच. पी५३ या प्रोटीनवर काम करणाऱ्यांनी तर या लायसेटला निगेटिव्ह म्हणूच नये: लार्ज टी पी५३ ला धरून ठेवतो, पी५३ मोडत नाही आणि साचत जातं, त्यामुळे रिकाम्या व्हेक्टरमध्येही पी५३ ठळक दिसतं. तिथे पी५३ नसलेल्या पेशी हव्यात, उदाहरणार्थ एच१२९९ किंवा साओस-२. फॉस्फो अँटीबॉडीवाल्यांची (फॉस्फेट लागलेलं प्रोटीनच ओळखणाऱ्या अँटीबॉडी) गंमत उलटी: प्रोटीन खंडीभर असतं, पण पेशींना काही उत्तेजन दिलं नसेल तर त्यावर फॉस्फेट नसूही शकतं, आणि कंट्रोल कोरा येतो.

आमच्या सरांशी माझा एका मुद्द्यावर अजून वाद आहे. त्यांचं म्हणणं, कंट्रोलचा बँड आला म्हणजे अँटीबॉडी चालते. मी म्हणते, अँटीबॉडी ते प्रोटीन धरू शकते एवढंच कळलं. ती तुमच्या पेशीतलं थोडंसं प्रोटीन पाहू शकेल का, आणि तुमच्या पेशीतलं दुसरं काहीतरी धरणार नाही का, हे दोन्ही प्रश्न उभेच आहेत. अँटीबॉडी तपासायचे जे पाच मार्ग २०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले, त्यात टॅग लावलेलं प्रोटीन हा एक आहे. जनुक काढून किंवा दाबून पाहणं हा दुसरा. आमच्याकडे नॉकआउट पेशी घ्यायला पैसे नाहीत. म्हणून प्रत्येक ब्लॉटला २३१ आणि एमसीएफ-७ ची जोडी लावतो, एकीत प्रोटीन आहे, दुसरीत जवळजवळ नाही, आणि टॅगवाला कंट्रोल फक्त जागा दाखवायला. सरांना हे खर्चिक वाटतं. पेशी आमच्याच इन्क्युबेटरमध्ये वाढतात, खर्च कसला?

मुलीचा तो आलेख गेला. नवीन तीन ब्लॉटमध्ये अनट्रीटेड एमसीएफ-७ पाच मिनिटांच्या एक्स्पोजरलाही कोरी आहे, आणि अर्काचा परिणाम जो 'दिसत' होता तोही अर्ध्याहून अधिक उडाला, कारण तुलनेचा पायाच वाहून आलेला होता. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी येताना घरच्या बागेतली द्राक्षं घेऊन आली, आणि आम्ही ती बाहेर जिन्यात बसून खाल्ली.

तुमच्याकडेही असलाच बँड ये-जा करत असेल आणि विचारायचं असेल, तर फोटो पूर्ण मेंब्रेनचा पाठवा, शिडीसकट, लेनचा क्रम आणि प्रत्येक लेनमधले मायक्रोग्रॅम लिहून, एक कमी आणि एक जास्त एक्स्पोजर. जेल घरी ओतलं की तयार आणलं तेही लिहा. एकाच बँडभोवती कापलेला फोटो पाठवू नका. त्यात शेजारी कोण होतं ते दिसत नाही.